गोबाऊ, कोजुबू आणि डूली : कोरियन चित्रकथांच्या टपाल तिकिटांचा एक संच

दक्षिण कोरियाच्या टपाल खात्याने १९९५ सालापासून आपल्या देशातील गाजलेल्या चित्रकथांवर तिकिटांची एक मालिका काढायला सुरुवात केली. त्या मालिकेच्या आरंभी आलेली कोजुबू आणि डूली या पात्रांची कोरी, म्हणजे न वापरलेली तिकिटे, गोबाऊ या वृत्तपत्रीय पात्राला पन्नास वर्षे झाली त्या निमित्ताने २००० साली निघालेले तिकीट, त्याच तिकिटाचे प्रथम दिवस आवरण, म्हणजे तिकीट निघाल्याच्या दिवशीच शिक्का मारलेले पाकीट, आणि २०११ सालची पोरोरो या पेंग्विनची काही तिकिटे असा एक संच पुण्यातील एका तिकीट-विक्रेत्याकडून मी टपालाने मागवला. सोलापुरात आम्ही काही शिक्षक मिळून शाळकरी मुलांसाठी तिकीट-संग्राहकांचे एक छोटे मंडळ चालवतो आणि यंदा मुलांनी चित्रकथा हा विषय निवडला आहे. त्यामुळे हा संच मुलांच्या अभ्यासाला कितपत उपयोगी पडतो, ही माझी पहिली कसोटी होती. संचाची किंमत साडेआठशे रुपये असून टपालखर्च वेगळा पडतो. तिकिटे अस्सल आहेत, त्यांची स्थिती उत्तम आहे आणि त्यांच्यामागचा इतिहास फार मोलाचा आहे. विक्रेत्याने केलेली निवड आणि सोबत दिलेली माहिती मात्र त्या इतिहासाच्या तोलाची नाही.

बांधणीबद्दल तक्रारीला जागा नाही. प्रत्येक तिकीट वेगळ्या बटर पेपरच्या पाकिटात घातलेले होते, दोन्ही बाजूंनी जाड पुठ्ठा होता आणि आवरण पारदर्शक वेष्टनात सरळ ठेवलेले होते. कोऱ्या तिकिटांच्या मागचा डिंक सलग असून कोठेही हिंज, म्हणजे तिकीट वहीत चिकटवायची डिंकाची कागदी पट्टी, लावल्याची खूण नाही. कडांचे दाते पूर्ण आहेत. भिंगाखाली पाहिल्यावर रंग एकमेकांवर सरकल्याचे कोठे दिसत नाही आणि चित्रकाराची मूळ रेघ जेथे बारीक आहे तेथे ती छपाईतही बारीकच राहिली आहे. चित्रकथांच्या तिकिटांत ही गोष्ट फार महत्त्वाची असते. चित्रकथेचा जीव रेघेत असतो आणि एखाद्या इंचाच्या जागेत ती रेघ जाडी झाली तर पात्र ओळखू येते, पण चित्रकाराचा हात ओळखू येत नाही.

या संचाचे खरे मोल गोबाऊच्या तिकिटात आहे, म्हणून त्याबद्दल सविस्तर लिहिणे आवश्यक वाटते. चित्रकार किम सोंग-ह्वान यांचा जन्म १९३२ सालचा. १९५० साली कोरियन युद्ध पेटले आणि उत्तरेच्या सैन्याने सोल शहर ताब्यात घेतले, तेव्हा ऐन तारुण्यातला हा मुलगा लपून बसला होता आणि त्या काळात कागदावर जी पात्रे रेखाटत होता त्यांतून गोबाऊ जन्माला आला. डोळ्यांवर चष्मा, छोटी मिशी, चपटे डोके आणि त्या डोक्यावर उभा असलेला एकच केस, असे या मध्यमवयीन गृहस्थाचे रूप आहे. गोबाऊ फारसा बोलत नाही. त्याचा राग, आश्चर्य आणि निराशा हे सारे तो एक केसच सांगतो. १९५५ साली ‘दोंग-आ इल्बो’ या दैनिकात त्याची चार चौकटींची रोजची पट्टी सुरू झाली, १९८० मध्ये ती ‘चोसन इल्बो’त गेली, १९९२ मध्ये ‘मुन्ह्वा इल्बो’त आली आणि २००० साली थांबली, तेव्हा तिचे १४,१३९ भाग झाले होते. एकाच चित्रकाराने एकाच पात्राला इतकी वर्षे जवळजवळ रोज वाचकांपुढे उभे करणे हे जगाच्या वृत्तपत्रीय चित्रकलेत फार थोड्यांना साधलेले आहे.

या पात्राला सरकारी तिकिटावर जागा मिळणे ही साधी गोष्ट का नाही, हे समजण्यासाठी १९५८ सालच्या जानेवारीत जावे लागते. त्या वेळी सिंगमन री राष्ट्राध्यक्ष होते आणि त्यांच्या ग्योंगमुदे या निवासस्थानाशी लांबून संबंध सांगणारी माणसेही बाहेर रुबाब करीत असत. किम यांनी चार चौकटींत दाखवले की मैला वाहणाऱ्या दोन माणसांना वाटेत तिसरा मैला वाहणारा भेटतो आणि ते त्याला अत्यंत अदबीने वाकून नमस्कार करतात. कारण विचारल्यावर कळते की तो ग्योंगमुदेमधला मैला वाहतो. एवढ्या चित्रावरून चित्रकाराला पोलिसांनी बोलावले, खटला झाला आणि दंड ठोठावला गेला. पुढे १९६० च्या एप्रिलमधील जनआंदोलनात री यांची सत्ता गेली, त्यानंतर लष्करी राजवटी आल्या, त्यांचीही नियंत्रणे आली आणि गोबाऊ या सगळ्यांतून रोज चार चौकटी चालत राहिला. ज्या राज्याने एके काळी या पात्राच्या चित्रकाराला दंड केला, त्याच राज्याने २००० साली त्याच पात्राचे तिकीट छापले आणि लोकांनी ते पाकिटावर चिकटवून घरोघर पाठवले. मी हे तिकीट भिंगाखाली पाहिले, तेव्हा त्या एका केसाची रेघ कोठेही तुटलेली नाही हे पाहून मनापासून समाधान वाटले.

मराठी वाचकाला येथे आर. के. लक्ष्मण यांचा ‘कॉमन मॅन’ आठवल्याशिवाय राहणार नाही. चौकड्यांचा कोट आणि धोतर घातलेला तो वृद्ध गृहस्थ १९८८ साली आपल्या टपाल खात्याच्या तिकिटावर आला. ‘टाइम्स ऑफ इंडिया’ला दीडशे वर्षे झाल्याचे ते निमित्त होते. दोघेही १९५० च्या दशकात दैनिकांच्या वाचकांना भेटू लागले, दोघेही सत्तेच्या दारात उभे राहून निमूट पाहणारे आहेत आणि दोघांच्याही अंगावर पदाची कसलीही खूण नाही. फरक एवढाच की आपल्याकडील तिकीट वृत्तपत्राच्या सन्मानार्थ निघाले आणि पात्र त्यावर पाहुणे म्हणून आले, तर कोरियाने पात्राचाच वाढदिवस साजरा केला. मला कोरियाची पद्धत अधिक न्यायाची वाटते. मंडळातील मुलांनी ही दोन तिकिटे एकाच पानावर शेजारी-शेजारी लावली आहेत आणि सोलापुरात ज्या घरात जुना संग्रह असेल तेथे १९८८ चे ते तिकीट सापडणे कठीण नाही, त्यामुळे हा संच घेणाऱ्याने तेही शोधून जोडावे.

गोबाऊच्या प्रथम दिवस आवरणाचे महत्त्व आणखी एका कारणाने आहे. किम सोंग-ह्वान हे स्वतः अशा आवरणांचे नादिष्ट संग्राहक होते. तिकीट निघाल्याच्या दिवशीच्या पाकिटावर चित्रकाराकडून हाताने चित्र काढून घेण्याचा छंद त्यांनी कित्येक वर्षे जोपासला आणि कोरियातील अनेक नामवंत चित्रकारांच्या हातची अशी पाकिटे त्यांच्याकडे जमली. २०१९ साली त्यांचे निधन झाले. ज्या माणसाने आयुष्यभर इतरांच्या पाकिटांवरील चित्रांवर प्रेम केले, त्याच्याच पात्राचे पाकीट हाती येणे ही संग्राहकाला वेगळा आनंद देणारी गोष्ट आहे. संचातील आवरण छापील आहे, हाताने रंगवलेले नाही, हे स्पष्ट करायला हवे; साडेआठशे रुपयांत दुसरी अपेक्षा करताही येणार नाही. शिक्का पूर्ण गोल उमटला आहे आणि तारीख सहज वाचता येते.

कोजुबूचे तिकीट या मालिकेतील सर्वांत जुन्या पिढीचे प्रतिनिधित्व करते. त्याचे चित्रकार किम योंग-ह्वान यांचा जन्म १९१२ सालचा. १९१० ते १९४५ या काळात कोरिया जपानच्या ताब्यात होता. ती राजवट संपल्यावर लगेच, १९४६ साली, त्यांनी ससे आणि माकडे यांच्या संघर्षातून परकीय सत्तेची गोष्ट सांगणारे चित्रपुस्तक काढले. १९५० च्या दशकात त्यांच्या कोजुबू या पात्राने चीनच्या तीन राज्यांची प्रसिद्ध युद्धकथा मुलांच्या मासिकातून घराघरांत नेली. २०१३ साली कोरियन सरकारने चित्रकथांना प्रथमच नोंदणीकृत सांस्कृतिक वारशाचा दर्जा दिला, तेव्हा किम योंग-ह्वान यांचे ते १९४६ चे पुस्तक आणि गोबाऊची मूळ रेखाटने या दोन्हींचा त्यात समावेश होता. म्हणजे तिकीट आधी आले आणि वारशाचा कागद नंतर. टपाल खात्याची नजर या बाबतीत पुढे होती असे म्हणावे लागेल.

डूलीबद्दल मुलांना सांगायला सर्वांत सोपे जाते. हिमनगातून वाहत सोलमध्ये आलेले हिरवे डायनासोरचे पिल्लू, बाहेर काढलेली जीभ आणि एका मध्यमवर्गीय घरात त्याने मांडलेला उच्छाद, अशी ही कथा किम सू-जोंग यांनी १९८३ साली ‘बोमुलसोम’ या बालमासिकात सुरू केली आणि ती दहा वर्षे चालली. परंतु हे पात्र माणसाचे मूल न होता डायनासोर का झाले, याचे कारण चित्रकाराने स्वतः सांगितलेले आहे. त्या काळी बालसाहित्यावर तपासणीची कडक नजर होती आणि मोठ्यांना उलटून बोलणारे मूल चित्रकथेत चालत नसे. प्राण्याच्या पिल्लाला मात्र ती मोकळीक मिळू शकत होती. १९६० आणि १९७० च्या दशकांत कोरियात चित्रकथा म्हणजे मुलांना बिघडवणारी वस्तू मानून त्यांची जाहीर होळी केली जात असे, हे लक्षात घेतले म्हणजे या हिरव्या पिल्लाची वाट किती काळजीपूर्वक आखलेली होती हे कळते. पुढे डूली इतका लाडका झाला की २००३ साली बुचोन शहराने त्याला नागरिकाचा नोंदणी क्रमांक दिला आणि सोलच्या दोबोंग भागात २०१५ साली त्याच्या नावाचे संग्रहालय उघडले. १९९५ मध्ये, म्हणजे कथा संपून फार काळ लोटण्याआधीच, त्याचे तिकीट निघाले. त्याच वर्षी अमेरिकेच्या टपाल खात्याने वृत्तपत्रीय चित्रपट्ट्यांच्या शताब्दीनिमित्त वीस चित्रांचा संच काढला होता. मात्र त्या संचात सारी जुनी पात्रे होती, तर कोरियाने युद्धकाळापासूनच्या पिढीचा कोजुबू आणि चालू पिढीचा डूली यांना एकत्र उभे केले. हा निर्णय मला फार शहाणपणाचा वाटतो.

आता निवडीतील उणिवेकडे यावे लागते. पोरोरो हा निळा पेंग्विन २००३ साली दूरचित्रवाणीसाठी संगणकावर घडवलेले पात्र आहे. तो गोड आहे, मुलांना तो लगेच आवडतो आणि त्याची २०११ ची तिकिटेही नीटस आहेत. पण तो चित्रकथेतून आलेला नाही. ‘कोरियन चित्रकथा’ अशी चिठ्ठी लावलेल्या संचात त्याला घालणे चुकीचे आहे आणि किमतीचा एक भाग त्यावर खर्च झाला आहे हे सहज दिसते. १९९५ नंतर मालिका पुढेही चालू राहिली. तिच्यातील आणखी दोन-तीन तिकिटे त्या जागी मिळाली असती तर संच पूर्णत्वाच्या जवळ गेला असता. विषयवार संग्रह करणाऱ्याला अशी भेसळ प्रदर्शनात महागात पडते, कारण परीक्षक चौकटीतील प्रत्येक तिकिटाचा विषयाशी संबंध विचारतात.

माहितीपत्रकाबद्दल मी अधिक कठोर आहे. एका पानावर इंग्रजीत चार-पाच ओळी आहेत, त्यांत पात्रांची नावे, वर्षे आणि ही तिकिटे मुलांना रंगीत चित्रांची गोडी लावतात असे एक वाक्य. चित्रकारांची नावे नाहीत. १९५८ च्या खटल्याचा उल्लेख नाही. कोरियातील आधुनिक व्यंगचित्राचा आरंभ २ जून १९०९ रोजी ‘देहान मिन्बो’ या वृत्तपत्राच्या पहिल्याच अंकात ली दो-योंग यांच्या चित्राने झाला आणि पुढच्याच वर्षी जपानने देश गिळंकृत केल्यावर ते वृत्तपत्र बंद पडले, ही गोष्ट दोन ओळींत सांगता आली असती, तीही नाही. या चित्रकारांनी पारतंत्र्य, युद्ध आणि हुकूमशाही यांच्याशी पेन्सिलीने झुंज दिली. त्यांची तिकिटे रंगीत चित्रांची खाऊपुडी म्हणून विकणे हा त्या कामाचा आणि विकत घेणाऱ्याचाही अनादर आहे.

सोलापूरकराला तिकिटाचा मान काय असतो हे वेगळे समजावून द्यावे लागत नाही. आपल्या गावात १९१० साली जन्मलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये भारतीय वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले, १९४२ मध्ये तेथेच त्यांचे निधन झाले आणि १९८२ साली चीनने त्यांच्यावर तिकिटे काढली. भारताचे तिकीट १९९३ साली निघाले. भैय्या चौकातील त्यांच्या स्मारकाला भेट दिलेली आमच्या मंडळातील मुले म्हणूनच तिकिटाकडे पाहताना पहिला प्रश्न विचारतात की हे कोणी, कोणासाठी आणि इतक्या उशिरा का काढले. गोबाऊचे तिकीट त्यांच्यापुढे ठेवल्यावरही हाच प्रश्न आला आणि त्याच्या उत्तरातच या संचाचा सगळा अर्थ आहे. घरी तेलुगू, कन्नड, उर्दू किंवा मराठी बोलणारी ही मुले आहेत. कोरियन अक्षरे त्यांच्यापैकी कोणालाच येत नाहीत. तरी मैला वाहणाऱ्यांची ती चार चौकटींची गोष्ट फळ्यावर काढून दाखवली तेव्हा ती कोणालाही समजावून सांगावी लागली नाही.

विद्यार्थ्यांसाठी संच घेण्याचा विचार करणाऱ्या पालकांना एक उपयुक्त गोष्ट सांगते. टपाल खात्याची ‘दीनदयाळ स्पर्श’ ही शिष्यवृत्ती २०१७ पासून सुरू आहे. सहावी ते नववीच्या, अभ्यासातही चांगल्या असणाऱ्या तिकीट-संग्राहक विद्यार्थ्यांना ती वर्षाला ६,००० रुपये देते आणि त्यासाठी शाळेच्या तिकीट-मंडळाचे सदस्यत्व किंवा स्वतःचे फिलाटेली ठेव खाते (नवी तिकिटे मिळवण्यासाठी टपाल खात्यात ठेव भरून उघडलेले खाते) लागते. निवडीत तिकिटांवरील प्रकल्पही पाहिला जातो. चित्रकथा आणि सत्ता हा विषय अशा प्रकल्पाला अतिशय योग्य आहे, आणि त्यासाठी या संचातील तीन तिकिटे, लक्ष्मण यांच्या पात्राचे तिकीट आणि बेल्जियमने १९७९ साली काढलेले टिनटिनचे तिकीट एवढ्यावरही भक्कम पान उभे राहते.

अस्सलपणाबद्दल थोडी सावधगिरी हवी. कार्टून हा विषय लोकप्रिय असल्याने ज्या देशांच्या टपाल खात्यांनी कधी काढलीच नाहीत अशी बनावट तिकिटे या विषयात पुष्कळ फिरतात. जागतिक टपाल संघटनेच्या पुढाकाराने २००२ पासून अधिकृत तिकिटांना क्रमांक देण्याची पद्धत सुरू झाली, त्यामुळे पोरोरोची तिकिटे त्या क्रमांकांवरून पडताळता येतात. १९९५ आणि २००० सालच्या तिकिटांसाठी मात्र स्कॉट, स्टॅन्ले गिबन्स किंवा मिशेल यांच्या सूचीचाच आधार घ्यावा लागतो. संचातील तिकिटे सूचीशी जुळतात, हे पाहूनच मी हे परीक्षण लिहीत आहे.

जपणुकीच्या बाबतीत सोलापूरची हवा कोकणासारखी दमट नाही, म्हणून बुरशीची भीती कमी. पण एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा कोऱ्या तिकिटाचा डिंक कोरडा पडून तिकीट आतल्या बाजूला वळू लागते. पत्र्याच्या कपाटाऐवजी आतल्या खोलीतील लाकडी कपाटात स्टॉकबुक (तिकिटे ठेवायची वही) उभे ठेवावे आणि पावसाळ्यापूर्वी ते एकदा पाने उलगडून पाहावे. कोऱ्या तिकिटांना हिंज लावू नये. चिमट्याशिवाय तिकीट उचलू नये, हा नियम आमच्या मंडळात पहिल्याच दिवशी शिकवला जातो.

विकत घेऊ इच्छिणाऱ्यांनी पूर्ण संच न मागता विक्रेत्याला पोरोरो वगळून दर विचारावा, कारण सुट्या तिकिटांची विक्रीही तो करतो. गोबाऊचे आवरण मात्र सोडू नये. कमी पैशांत एकच वस्तू घ्यायची असेल तर तीच घ्यावी. आमच्या मंडळाने चित्रकारांची नावे, वर्षे आणि १९५८ च्या खटल्याची हकिकत असलेले दोन पानी मराठी टिपण तयार करून विक्रेत्याला पाठवले आहे आणि इंग्रजी पानाच्या जागी ते द्यावे अशी विनंती केली आहे. त्याने ती मान्य केली आणि पोरोरोच्या जागी मालिकेतील पुढची तिकिटे घातली, तर पुढील वर्षीच्या मुलांसाठी हाच संच मी पुन्हा मागवीन.